काचेच्या दारामागची गाडी

कोण बोलतंय म्हणून भिंतीवरच्या चकचकीत पान्यांकडे काय बघताय? ते सगळे शोभेचे. त्यांना तोंड नाही आणि कामही नाही. जरा खाली बघा, बाकाच्या पायाशी. काळा, तेलकट, एका चाकाने लंगडा. हां, मीच. मी जॅक बोलतोय. गाडी उचलणारा.

शाळा आपण काही बघितली नाही. अंगावर तीन आकडे कोरलेत, तेवढंच शिक्षण. पण माणसं मी खालून बघितलीत. वरून बघितलं की माणूस हसताना दिसतो. खालून बघितलं की त्याच्या चपलेवरून कळतं, की हा काम करणारा आहे का नुसता उभा राहणारा.

भट्टीतून निघालो आणि पहिला गेलो एका मिस्त्रीकडे. रस्त्याकडेला टपरीएवढं त्याचं गॅरेज. त्याच्याकडे पाने किती? अकरा. त्यातले दोन वाकडे. त्या अकरा पान्यांवर त्याने निम्म्या गावाच्या गाड्या पळवल्या. मला तो नावाने कधी हाक मारायचा नाही, शिवीनेच मारायचा. दांडा मारताना एक शिवी, गाडी वर गेली की दुसरी. मी खूश असायचो. शिवी घालतो म्हणजे आपलं समजतो.

पुढे मिस्त्रीची कंबर गेली. त्याने गॅरेज बंद केलं आणि मला त्याच्या जुन्या गिऱ्हाइकाला देऊन टाकलं. हे गिऱ्हाईक म्हणजे आमचे बाबा. भाड्याची गाडी चालवायचे. एकच गाडी, तीस वर्षं. ढोल्या अंगाची, रुंद, पुढून बघितली तर जेवून झोपलेल्या मामासारखी. घराला लागून पत्र्याची शेड होती, तिथं गाडी आणि मी. पंक्चर झालं की बाबा मला ओढायचे, चाक बदलायचे, फडक्याने हात पुसायचे आणि त्याच फडक्याने माझं तोंडही पुसायचे.

बाबा थकले, धंदा सोडला. आणि शेड गेली चिरंजीवांच्या ताब्यात. इथून माझं नशीब फिरलं बघा.

चिरंजीव म्हणजे बाबांचा मुलगा. ऑफिसात खुर्चीवर बसतो आणि घरी आला की म्हणतो, ‘माझा जीव गाड्यांत आहे.’ जीव असेल, हात मात्र कधी दिसला नाही. पत्रे गेले, भिंती पांढऱ्या झाल्या. फरशीवर असला काही चकाकता रंग ओतला की पाल पडली तर स्वतःचं तोंड बघून लाजेल. भिंतीवर फळी लावली आणि तिच्यावर एकेका पान्याची बाह्यरेषा काढली, म्हणजे पाना कुठला कुठं टांगायचा ते कळावं. दोनशे पाने असतील. दोन वर्षांत चिरंजीवाने एकही हलवला नाही, मग चुकायचं कुठून?

गाडीला चार लोखंडी स्टँडवर चढवलं. ते काम माझं होतं, आणि ते शेवटचं. चाकं काढली, पॉलिश करून आणली आणि भिंतीवर टांगली. खाली दिवे लावले. अहो, चाकं टांगली! बायकोच्या पायातल्या चपला काढून दिवाणखान्यात टांगण्यातला प्रकार.

मग आणला लाल जॅक. बॅटरीवरचा, बटण दाबलं की वर जाणारा. मला बाकाखाली ढकललं. ‘अँटिक आहे,’ म्हणाला मित्रांना. मी एवढंच म्हणतो, ज्याला चार्जिंग लागतं त्याने मला अँटिक म्हणू नये.

मित्रांची एक टोळी होती. एक दातांचा डॉक्टर, एक विमा विकणारा, एक असाच. रविवारी यायचे, कॉफी प्यायचे.

‘नट आवळताना हाताला कळलं पाहिजे रे,’ असं दातांचा डॉक्टर म्हणायचा.

‘फील असतो तो,’ असं विमावाला.

आणि ‘असाच’ नुसती मान हलवायचा. मला तर तोच शहाणा वाटायचा.

यांच्यात एकाच्याही नखात काळं नाही. मिस्त्रीच्या नखातलं काळं त्याच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा होतं.

बाबा दाराबाहेर स्टुलावर बसून सगळं ऐकायचे. आत आले तर चिरंजीव म्हणायचा, ‘बाबा, चप्पल काढून या, फरशीला डाग पडतो.’ ज्या माणसाने त्या जागेत तीस वर्षं तेल सांडलं, त्याला चप्पल काढायला सांगतो!

आता मुद्द्यावर येतो. बाबांच्या लायसनची मुदत पंधरा तारखेला संपणार होती. डोळ्यांच्या डॉक्टरने साफ सांगितलं, ‘काका, या वेळी सही देतो असं समजू नका.’ म्हणजे पंधरानंतर बाबांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही. बाबांचं मागणं एकच. त्या गाडीतून एक चक्कर, आणि ती स्वतः चालवून.

‘होईल हो बाबा,’ चिरंजीव म्हणायचा. ‘पण गाडी परफेक्ट होऊ द्या आधी.’

‘अरे, परफेक्ट व्हायची वाट बघत बसलो असतो तर तुझी आई मिळाली नसती मला.’

गाडीला काही झालं नव्हतं, हे घरात दोघांनाच माहीत होतं. चिरंजीव ऑफिसला गेला की सूनबाई अर्धं दार सरकवायची, बाबा स्टँडवरच्या गाडीत चढून बसायचे आणि पाच मिनिटं इंजिन चालवायचे. आठवड्यातून दोनदा. ‘हिचा घसा साफ करतो,’ म्हणायचे. ब्रेकही त्यांनी ठाकठीक करून घेतले होते, सुनेकडून पान्याने. नंतर ती तो पाना पुसून पुन्हा त्याच्या बाह्यरेषेत टांगायची. दोनशेतला तेवढा एकच कामाला आला, आणि मालकाला पत्ता नाही.

तर ते दार. त्याची गंमत सांगतो, पण सांगताना मलाच लाज वाटते.

चिरंजीवाला उकडायला लागलं. मग एसी आला. एसी आला म्हणजे शटर चालायचं नाही, गार हवा निघून जाते. म्हणून शटर काढलं आणि काचेचं सरकतं दार लावलं. दोन मोठी पानं, एक दुसऱ्याच्या मागे सरकतं. गाडी तेव्हा आतच, स्टँडवर. कारागीर दार बसवून गेला. चिरंजीव सरकवून बघतोय, इकडून तिकडे, तिकडून इकडे. ‘बघा कसं लोण्यासारखं जातं!’

मी बाकाखालून बघितलं आणि मला हसू आवरेना. सरकतं दार कितीही सरकवा, उघडतं अर्धंच. आणि आमचा मामा, म्हणजे ती ढोली गाडी, बसलाय आत, अर्ध्या दाराहून हातभर रुंद.

गाड्यांवर जीव असलेल्या माणसाने गॅरेजला असं दार लावलं की ज्यातून गाडीच निघत नाही! माझं त्यांना ऐकू गेलं असतं तरी मी बोललो नसतो. म्हटलं, फुटू दे भांडं, मजा बघू. बाबांच्या आणि सुनेच्याही लक्षात आलं नाही. त्यांना धूर जाण्यापुरतं अर्धं दार पुरायचं.

चौदा तारखेला रविवार होता. सूनबाईने सकाळीच कंबर कसली.

‘अहो, चाकं खाली काढा. आज बाबा गाडी चालवणार.’

‘आज? अगं, अजून बंपरचं—’

‘बंपर चालवणार नाहीत ते, गाडी चालवणार आहेत.’

मित्र जमले. लाल जॅक पुढे आला. बटण दाबलं. जॅकने एक दिवा लावला आणि विझवला. चार्जिंग संपलेलं! दातांचा डॉक्टर म्हणाला, ‘लावून ठेवू दोन तास.’ बाबा पुढे झाले. वाकले आणि बाकाखालून माझा दांडा धरून मला बाहेर ओढलं. दोन वर्षांनी. दांडा धरल्या धरल्या त्यांनी मला मिस्त्रीची शिवी घातली. आयुष्य वाढलं हो माझं.

लंगडत गेलो, उचललं. सून चाक लावते, बाबा नट आवळतात. चिरंजीव सूचना देतो. तासाभरात मामा चार पायांवर उभा. बाबा आत बसले, किल्ली फिरवली, गाडी सुरू. चिरंजीवाचं तोंड उघडंच. ‘अरे, पहिल्या झटक्यात!’ त्याला वाटलं त्याच्या जागेचा गुण.

मग दार सरकवलं.

उघडलं अर्धंच. ‘असाच’ने पावलं टाकून दार मोजलं, मग गाडी मोजली, आणि आयुष्यात पहिल्यांदा बोलला, ‘जात नाही.’

‘तिरकी काढू,’ विमावाला म्हणाला.

‘सोफा आहे का तो?’ सूनबाई म्हणाली.

चिरंजीवाने फोन लावला. कारागीर म्हणे, येतो की, मंगळवारी. मंगळवारी म्हणजे सोळा.

मी बाबांकडे बघितलं. स्टिअरिंगवर दोन्ही हात तसेच, समोर काचेत स्वतःचंच तोंड दिसतंय. मस्करी करायला गेलो लेकाची, आणि लागली बापाला. मीही त्या मित्रांपैकीच निघालो की! नुसता बघणारा.

‘जाऊ दे रे,’ बाबा म्हणाले आणि किल्लीकडे हात नेला.

‘बंद करू नका!’ सूनबाई ओरडली. ‘चौघं आहात ना? दोन्ही पानं उचला आणि खाली काढा.’

‘वेडी आहेस का? खास ऑर्डरची काच आहे ती.’

‘बापही खास ऑर्डरचाच आहे. दुसरा मिळत नाही.’

तिने स्वतः पुढे होऊन काचेला हात घातला, तेव्हा बाकीच्यांना लाज वाटली. चौघांनी कण्हत कण्हत दोन्ही पानं उचलली, रुळातून काढली, एकावर एक भिंतीला टेकवली. पण ती फरशी! लोण्यासारखी गुळगुळीत. पानं उभी राहीनात, खालून घसरायला लागली. कुणीतरी धरून ठेवणं भाग होतं.

‘आम्ही धरतो, तू जा,’ डॉक्टर म्हणाला.

‘नको नको, तुम्ही ओरखडे पाडाल. मीच धरतो.’ आणि चिरंजीवाने काचेला मिठी मारली.

बाबांनी गाडी दारात आणली. शेजारची सीट रिकामी. खिडकीतून म्हणाले, ‘ये की रे.’

‘दोन मिनिटं, बाबा. मऊ काहीतरी आणतायत खाली टेकवायला.’

बाबा थांबले. दोन मिनिटं झाली, चार झाली. मग सूनबाईने मला उचलून डिकीत टाकलं, ‘वाटेत लागला तर,’ आणि ती शेजारी जाऊन बसली.

निघालो. डिकीत अंधार, पण मला रस्ता कळत होता. हा उतार, हे पाण्याच्या टाकीचं वळण, ही शाळेची भिंत. बाबांनी एकदाही ब्रेक जोरात मारला नाही. मी जागचा हललो नाही, यावरूनच समजा. शीळ वाजवत होते, बेसूर.

कोपऱ्यावर आले तेव्हा त्यांचा आवाज आला. ‘बघ गं मागे. येतोय का तो पळत?’

सीट करकरली, सून मागे वळली. ‘नाही, बाबा.’

‘मग अजून एक चक्कर मारू. येईल तोवर.’

अशा सहा चकरा मारल्या आम्ही.

परत आलो तेव्हा काचेखाली उशी आली होती, मित्र फोटो काढत होते आणि चिरंजीव अजून पानं धरून उभा होता, घामाने डबडबलेला. बाबांनी गाडी बाहेर झाडाखाली लावली, इंजिन बंद केलं आणि किल्ली सुनेच्या हातात ठेवली.

‘मस्त झालं फिरणं,’ ते लेकाला म्हणाले. ‘काच कशी आहे?’

चिरंजीवाने मान तिरकी करून वरपासून खालपर्यंत नीट बघितलं आणि छाती फुगवून म्हणाला, ‘एकही ओरखडा नाही, बाबा.’

बाबा हसले. तसलं हसू मी कुणाला मिळू नये म्हणतो.

आता गाडी झाडाखालीच असते. सूनबाई चालवते, बाबा शेजारी बसून चुका काढतात. दार पुन्हा बसलं. आत एसी चालू, पाने आपापल्या बाह्यरेषेत, मंडळी कॉफी पितायत. मध्ये आता पुष्कळ जागा झालीय. तिथं काय ठेवायचं यावर चर्चा चालू आहे.

मला सुनेने परवा तेल घातलं. पंक्चर काढताना एक शिवीही घातली, नवीनच शिकलीय, पण बरी जमली. अजून एकदा सांगतो आणि गप्प बसतो. हौस करा बाबांनो, खुशाल करा. पण शेजारची सीट रिकामी ठेवून कुणी हाक मारली, तर हातातलं पडू द्या. फुटलं तर फुटलं.