येताना आठ तास, जाताना साडेसोळा

माझी धाकटी जाऊ द्वारका. तिच्या मुलाचं, कृष्णराजचं, विमानाचं तिकीट मोबाइलवर आलं, तर हिनं ते येडशीच्या दुकानातून कागदावर काढून आणलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. वर हळदीकुंकूही वाहिलं. मला हसू आलं. हसू कसलं, पोटात दुखलं.

तिच्या ओसरीत आम्ही पापड लाटत होतो. शेजारच्या नसीमबीही होत्या. द्वारकानं कागद उलगडला. मेलबर्नहून सकाळी साडेअकराला निघणार, मुंबईत संध्याकाळी साडेसातला. परत जाताना मुंबईहून रात्री एकला, तिथं संध्याकाळी साडेपाचला.

"म्हंजे येताना आठ तास, जाताना साडेसोळा," ती बोटं मोजत म्हणाली. "लेकराचा जीव इकडं ओढतो. जाताना पायच निघत न्हाय."

"या अल्ला! इमानालाबी आईची माया कळती म्हणा की," नसीमबी म्हणाल्या.

माझं लाटणं थांबलं. हिचं पहिल्यापासून असंच. आम्हा दोघींचं माहेर बार्शी. तेव्हा येडशीहून बार्शीला लहान रेल्वे जायची. पंचमीला तिला न्यायला तिचा भाऊ मुराळी म्हणून न चुकता हजर. माझ्या भावाचं नुसतं पत्र यायचं. तिला स्टेशनवर पोचवायला मीच जायची. गाडी हलली की खिडकीतून तिचा हिरव्या बांगड्यांचा हात बराच वेळ हलत राहायचा. तो हात मला अजून दिसतो.

आणि माझा वैजनाथ लातूरला, दीड तासावर. दिवाळीत पंधरा मिनिटं येऊन गेला, दारात मोटार चालूच ठेवून.

घरी येऊन मी त्याच्या मुलीला, शिवांजलीला, फोन लावला. ती शिकलेली.

"आजी, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास पुढं असतं. यायला खरे साडेबारा तास लागतात. जायला बारा. वाऱ्यामुळं."

जायलाच अर्धा तास कमी! मला इतका आनंद झाला, की तुझा बाप कधी येणार हे विचारायचंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ओसरीत सगळा हिशेब सांगितला. वर मी म्हणाले, "उलटंच हाय की द्वारके. तुझ्या लेकराला आईकडं यायलाच जास्त वेळ लागतो."

तिनं मान वर केली नाही. पापडाची कड लाटत म्हणाली, "आक्का, वैजनाथला लातूरहून किती तास लागतात?"

नसीमबी वाळवण बघायला म्हणून वर माळवदावर निघून गेल्या.

कृष्णराज आला, तीन आठवडे राहिला. तो निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून घड्याळाकडं बघत होते. दुपारचा एक वाजून गेला आणि शेजारी, द्वारकाच्या घरात, फोन वाजला. थोड्या वेळानं ती माझ्या उंबऱ्याशी आली. डोळे लाल.

"आक्का, तुमचंच खरं निघालं. बाराच तासांत पोचला."

मी जिंकले होते. तिला बस म्हटलं, पाणी दिलं. फोन तिनं पदराआड धरला होता, अंड्यासारखा.

"उतरल्या उतरल्या लावला त्यानं," ती म्हणाली. "अजून इमानाच्या दाराशीबी आला नव्हता."

माझा फोन फडताळात होता. चार्जिंग कधी बघावं, तर भरलेलंच असतं.