मोरीत ओतलेले शेवाळ

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि माझ्या भिंगांना डोळा लावणाऱ्यांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. कारखान्यात माझी भिंगे घासणारा कारागीर म्हणाला होता, "याच्या नजरेतून काही सुटायचं नाही." खुळा बिचारा. समोर ठेवले तर दिसेल ना!

माझा सगळा जन्म गावाला पाणी पुरवणाऱ्या तलावाच्या प्रयोगशाळेत गेला. तिथल्या मोठ्या साहेबांनी पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळाचे गट रंगरूपावरून पाडले होते. स्वभाव कोण बघतो? बाटलीत आयोडीन घालायचे, शेवाळ तळाशी बसू द्यायचे, वरचे पाणी मोरीत ओतायचे आणि तळाचा थेंब माझ्यापुढे ठेवायचा. या पद्धतीबद्दल साहेबांना शाल मिळाली. मला फडकेही मिळाले नाही.

मग साहेबांच्या हाताखाली एक ताई आल्या. त्या शेवाळाचे गट राहणीवरून पाडत. काही ढवळलेल्या पाण्यात रमणारे, काही अंधारात तगणारे, आणि काही अंगातल्या हवेच्या पोकळ्यांमुळे संथ, कोमट पाण्यात वर येणारे. या शेवटच्यांत विषारीही असतात.

एका उन्हाळ्यात तलावावर हिरवी साय धरली. साहेबांनी तळाचा थेंब पाहिला आणि शेरा मारला, पिण्यास योग्य.

"साहेब, जे तळाला बसतच नाहीत, त्यांना आपण मोरीत ओतलंय," ताई म्हणाल्या. "त्यांचं विष गाळणीत अडकत नाही. गावातली पोरं हेच पाणी पितात. हा तलावाच्या सायीतला थेंब बघा."

माझ्यापुढे निळ्याहिरव्या गाठींची नुसती दाटी होती. साहेबांनी पाहिले आणि मान वर केली. "भिंग गेलंय याचं. म्हातारा झालाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. यांची अक्कल गेली, आणि बोल माझ्या भिंगाला!

ताईंनी वाद घातला नाही. नळाचे पाणी पेल्यात भरून साहेबांपुढे ठेवले. "योग्य आहे ना? मग घ्या."

साहेबांनी पेला बाजूला सारला. मग त्यांनी पिशवीतून विकतच्या पाण्याची बाटली काढली आणि घोट घेतला. ताईंनी फोन उचलून गावाचा पुरवठा बंद करायला सांगितला. साहेबांनी त्यांना अडवले नाही. शेरा मात्र खोडला नाही.

मित्रांनो, आमच्यातली बाकीची यंत्रे म्हणतील, आमची निगा राखा. मला तुमचे फडके नको. फक्त नको ते आधी मोरीत ओतून, उरलेल्या थेंबावर माझी साक्ष काढायला येऊ नका.