दहावालं की बावीसवालं

"मामी, सीधी गोष्ट हाय. इकडं दहा रुपयाले एक युनिट, तिकडं बावीस रुपयाले एक. मंग बावीसवालं घ्याले आपल्याले काय कुत्रं चावलं?"

रुपराव असं म्हणाला तेव्हा देवाजी दारातच होता, हातात जयवंताबाईंचं रोजचं पान घेऊन. समोरच त्याचा पानठेला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की वहिनींचं पान तो स्वतः आणून द्यायचा, आणि आल्यासारखं चार घटका लोकांच्या भानगडीत नाक खुपसून जायचा. पन्नाशीला आला होता, पण तांडापेठेत कुणाची सायकल झाडावर लटकलेली दिसली तर लोक अजून आधी त्याच्याचकडे बघायचे. रुपरावाच्या लग्नात नवरदेवाच्या पानात हिरवी मिरची घालणारा हाच. जावई ते विसरला नव्हता. बसल्या जागी जरा सरकून बसला.

"काय चाललं गा जावई?"

"तुमी नका पडू मधात, देवाजीभाऊ. पैशाची गोष्ट हाय."

"मंग तर पडतोच," म्हणत देवाजी उंबऱ्यावर टेकला.

गोष्ट अशी होती. रुपराव धरमपेठेतून लुनावर आला होता आणि त्यानं दोन म्युच्युअल फंडांची माहितीपत्रकं सासूपुढे पत्ते टाकावेत तशी टाकली होती. पुष्कळ लोकांचा पैसा एकत्र करायचा, तो शेअर बाजारात लावायचा, आणि ज्याचे जितके युनिट तितका त्याचा वाटा. एकोणनव्वद साल होतं. हा शब्द नागपुरात नुकताच पानठेल्यापर्यंत पोचला होता. एक फंड जुना, काही वर्षं चाललेला. दुसरा कोरा करकरीत, येत्या शनिवारी विक्री बंद होणारा.

"दहाचे वीस व्हाले काय वेळ लागते, मामी? बावीसचे चव्वेचाळीस कधी होतीन? अन् दहावाले युनिट दुपटीच्या वर येते हातात."

जयवंताबाईंनी पान गालात सारलं. "सस्तं हाय म्हणूनच मले भेव लागते. दहाचा माल हलका असन. बावीस मागून राहिले तर वीण घट्ट असन ना कुठंतरी."

देवाजीला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. कोष्ट्याची बाई दुसरं काय बोलणार. या गल्लीत महाग लुगडं म्हणजे जास्त सूत, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक.

हसू दाबायचं कारण वेगळं होतं. हा पैसा शेवटचा होता, हे देवाजीला माहीत होतं. नवरा नत्थूजी गेल्यावर जयवंताबाई स्वतः मागावर बसल्या. आयुष्यभर नवऱ्यासाठी सुताच्या कांड्या भरणारी बाई उतारवयात धोटा फेकायला शिकली. गल्ली म्हणाली, चार दिवस बसेल. ती वर्षानुवर्षं बसली. पहाटे ठेला उघडताना देवाजीला समोरून खटक खटक ऐकू यायचं, आणि त्याला वाटायचं, आपण आळशी आहोत. आता मात्र गुडघे मागाच्या पावड्या दाबायला तयार नव्हते. गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं होतं, बुधवारी माग घेऊन जाणार होतं. त्याचे आणि विणकर सोसायटीतून सुटलेले पैसे नीट लागले तर वहिनी इथंच राहतील, स्वतःच्या चुलीवर स्वतःची भाकर. बुडाले तर धरमपेठेत लेकीच्या दोन खोल्यांत. प्रेमिला गुणाची होती, रुपरावही बरा होता. पण जयवंताबाई एकदाच म्हणाल्या होत्या, "तिथं मले पाहुण्यावाणी बसवते गा. आयुष्यभर पाहुणी कशी राहू?"

देवाजी उठला. "आलोच," म्हणाला. ठेल्यावर गेला, खालच्या फळीवरून काहीतरी उपसलं, कैची चालवली, आणि वर्तमानपत्रात बांधलेली तीन पुडकी घेऊन परतला. एक जाड, दोन बारीक. ती त्यानं रुपरावाच्या कागदांशेजारी मांडली.

"पंचे हाय. हे मोठं पुडकं वीस रुपयाले. हे दोन, दहा दहाले. जावई, कोनतं घेता?"

"उघडून दाखवा ना."

"हात लावायचा नाही. तिकडं मुंबईच्या मालाले कुठं हात लावता येते तुमाले? भाव पाहा अन् बोला."

रुपरावानं मिरची आठवून पुडक्यांकडे संशयानं पाहिलं, पण हिशेब त्याला राहवू देईना. "दहावाले. विसात दोन नग येते."

"वहिनी?"

"वीसवालं," जयवंताबाई म्हणाल्या. "जाड हाय, दिसून राहिलं."

"गेले," देवाजी मांडी थोपटून म्हणाला. "दोघं बी गेले कामातून." आणि त्यानं तिन्ही पुडक्यांच्या सुतळ्या ओढल्या.

आत पांढरं कापड, लाल काठाचं. मोठा तुकडा त्यानं जमिनीवर पसरला, त्याच्याखाली दोन लहान तुकडे एकापुढे एक ठेवले. टोकाला टोक भिडलं. लांबी तेवढीच, काठ तोच.

"एकच कपडा. अर्धा तसाच ठेवला, अर्धा मधातून कापला. जावई, तुमाले दोन नग भेटले म्हणून कपडा वाढला काय? अन् वहिनी, तुमाले वीस रुपये पाहून सूत जाड दिसलं. सूत तर अजून पुडक्यात होतं."

रुपराव क्षणभर ओशाळला, मग त्यालाच हसू फुटलं. "म्हंजे दहाचं अकरा झालं, तर बावीसचं बी त्याच मापानं वाढन."

"आतला माल वाढला तर. अन् कुजला तर दोन्ही कुजन. एवढ्यासाठी कॉलेजात गेलते तुमी?"

"कॉलेजात पानठेला होता, भाऊ. तिथंच बसलो."

दोघं हसत होते. जयवंताबाई हसत नव्हत्या.

त्यांनी मोठा तुकडा उचलला होता. अंगठा आणि बोट कापडावरून सरकत काठाशी आलं आणि थांबलं. वीतभर पुढं गेलं, पुन्हा थांबलं. डावा काठ जागोजागी आत ओढलेला होता. नखाएवढा चिमटा. ज्याला ठाऊक नाही त्याला दिसलाही नसता.

"हे कुठून आणलं, भाऊजी?"

देवाजीचं हसू ओठावरच अडकलं. "ठेल्यावरचं हाय. पानं झाकाले घेतलं होतं मांगं."

"यायच्या हातचं हाय." नवऱ्याचं नाव न घेता त्यांनी काठ उजेडाकडे धरला. "डावा खांदा उतरला होता यायचा. धोटा तिकडून परतला का सूत जास्तीचं ओढल्या जाये. मी रोज बोलू, काठ खराब करून राहिले, सोसायटीवाला भाव कापन. तर म्हणे, मी विणलं हे समजन तुले."

बाहेर कुणीतरी ठेल्याची फळी वाजवत "देवाजी गा" म्हणून हाक मारत होतं. देवाजी उठला नाही.

"वहिनी, मी तर गंमत करून राहिलो होतो."

"मालूम हाय मले." त्यांनी कापडाची घडी घातली. मग माहितीपत्रकांकडे पाहिलं. "रुपराव, याच्यात विणणारा कोण हाय थे कुठी लिहिलं हाय?"

"विणणारा?"

"पैसा घेऊन काय घेते, कसं घेते, मांगच्या वर्सांत कसं विणलं. कापाकापी नका सांगू मले आता."

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, तिघं सीताबर्डीवर फंड विकणाऱ्याच्या कचेरीत गेले. देवाजीनं ठेला बंद ठेवला, "जावयाले एकट्यानं सुचणार नाही" या सबबीवर. टेबलामागचा माणूस भला होता. त्यानं खुर्ची दिली आणि विचारलं ते सगळं वाचून दाखवलं. जुन्या फंडात कोणकोणत्या कंपन्या आहेत, दरसाल किती वाटलं, बाजार पडला त्या साली काय झालं. पडला तेव्हा हाही पडला होता, त्यानं लपवलं नाही. कमी पडला होता आणि सावरलाही होता. नव्या फंडाविषयी मात्र त्याच्याकडे रंगीत चित्राखेरीज काही नव्हतं.

"याचा तर अजून ताणाच लागला नाही," जयवंताबाई म्हणाल्या. "कसा विणन कोणाले मालूम. चांगला बी विणन. पण मले वाट पाह्याले वेळ नाही."

त्यांनी जुना घेतला. सगळा पैसा नाही. थोडा पोस्टात ठेवायला राखला, कारण बाजार पडायच्या सालीही पोटाला लागतंच.

"आजी, दहाचं सोडून बावीसला घेता," तो माणूस सही घेताना गमतीनं म्हणाला. "महाग नाही वाटत?"

"कैची कुठी चालली थे पाह्याले नाही आली मी, साहेब."

त्याला काही कळलं नाही. देवाजी मात्र खोकल्याचं निमित्त करून जिन्यात गेला, आणि तिथं एकटाच इतका खूश झाला की उतरता उतरता वॉचमनला दोन पानं फुकट कबूल करून बसला. परतताना रुपराव म्हणाला, "मामी, पहिले बी तुमी बावीसवालंच म्हणून राहिल्या होत्या."

"तवा चुकली होती," त्या म्हणाल्या.

बुधवारी माग गेला. फणी, कापड गुंडाळायची तूर, पावड्या, सगळं सुटं करून हातगाडीवर चढलं. खोलीत राहिला तो जमिनीतला खड्डा. विणकर काठावर बसतो, पाय त्यात सोडतो आणि पावड्या दाबतो, तो. बुजवला नाही तर अंधारात वहिनी पडतील, म्हणून देवाजी गुरुवारी दुपारी मुरमाची टोपली डोक्यावर घेऊन आला. येताना त्यानं एक गंमतही जुळवून ठेवली होती. खड्ड्यात कोंबडी बसवू, युनिटापेक्षा अंडी बरी, असं काहीसं.

दाराशी आला आणि तिथंच थांबला.

जयवंताबाई खड्ड्याच्या काठावर बसल्या होत्या, नेहमीच्या जागी, पाय आत सोडून. मांडीवर ते दोन लहान तुकडे. कैची चालली होती तिथं टोकाला टोक लावून त्या बारीक टाका घालत होत्या, जोड बोटाला लागू नये असा. सुई वर यायची, खाली जायची. आणि खाली खड्ड्यात, जिथं आता दाबायला काही नव्हतं, त्यांचे पाय आळीपाळीनं हलत होते. उजवा, डावा, उजवा.

देवाजीनं टोपली उतरवली नाही. तशीच डोक्यावर घेऊन तो ठेल्याकडे परत गेला.