तेविसाव्या मजल्याचं जुळं

चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात, म्हणजे पितरांच्या नि भुतांच्या महिन्यात, आमच्या सिंगापूरच्या साइटवर भुतांना संत्री ठेवतात. यंदा त्यातलं एक कुणीतरी ऑफिसातल्या भल्यामोठ्या पडद्यासमोर ठेवलं. पडद्यावर आमचीच इमारत गरगरत होती आणि सल्लागार डेस्मंड फुआ यांचं प्रवचन रंगात आलं होतं.

"हे चित्र नव्हे, इमारतीचं डिजिटल जुळं! स्लॅबच्या पोटातला सेन्सर ताप मोजतो, त्यावरून जुळं काँक्रीटची ताकद सांगतं. तिला खोकला झाला की याला ठसका लागतो!"

इंजिनिअरांच्या माना डोलल्या. पडद्यावरचा तेविसावा मजला हिरवागार झाला, म्हणजे काँक्रीट पक्कं.

"सुपरवायझर, सही करा," फुआ मला म्हणाले. "टेकू काढा."

सही माझी, पण टेकू काढायला स्लॅबखाली जाणार होती मुकादम सेल्वरासूची आठ माणसं. काँक्रीट कच्चं निघालं तर स्लॅब त्यांच्या डोक्यावर.

"अण्णा, चार दिवस पाऊस झोडपतोय," सेल्वरासू हळूच म्हणाला. "एवढ्यात पक्कं झालं कसं?"

तेवढ्यात लॅबमधली बाई आली, नाव सिओक हून. त्याच काँक्रीटचे ठोकळे यंत्रात फोडून ताकद पाहणं हे तिचं काम. "आजचा ठोकळा बिस्किटासारखा फुटला. हवी त्याच्या निम्मीही ताकद नाही."

"आंटी, ठोकळ्यांचा जमाना गेला," फुआ हसले.

"असं? चला, तुमच्या जुळ्याची नाडी बघू."

आम्हाला तेविसाव्या मजल्यावर नेऊन तिने सेन्सरच्या डबीतली बॅटरीच काढली. फुआंच्या हातातल्या टॅबवर ताकदीचा आकडा मजेत वाढतच राहिला. मग तिने ताडपत्री उचलली. काँक्रीट ओततानाच सेन्सरची तार तुटली होती.

"आकडा येईना म्हणून तुम्ही कोरड्या, गरम हवेचा अंदाज भरून ठेवलात. होय ना?"

"म्हणजे... मालक बघायला येणार होते..."

"या महिन्यात आम्हीही कागदाचा बंगला जाळतो, फुआ. मेलेल्या आजोबांना पोचतो म्हणतो. पण त्या बंगल्याखाली जिवंत माणसं उभी करत नाही!"

मी सही केली नाही. लाज मात्र वाटली, कारण पेनाचं टोपण मी काढलं होतं.

जुळं वाईट नाही. तार जोडलेली असेल तर सोन्यासारखं काम करतं. पण हिरवा रंग दिसला की हात जोडू नका. आकडा आला कुठून ते विचारा, आणि एक ठोकळा फोडून बघा.

खाली आल्यावर सेल्वरासूने पडद्यासमोरचं संत्रं उचललं, सोललं आणि आठही जणांत वाटून टाकलं.