काडीदानाची बढती

अध्यक्ष शाओंची विजार भर सभेत भिजली. तर असं काहीही घडलेलं नाही. चीनमधल्या सूजौ शहराच्या अभ्यासमेज-वस्तू रसिक मंडळात असलं काही घडत नसतं. म्हणून मुळापासून सांगतो.

मुळाशी होतं एक लाकडी काडीदान, अंगभर बांबूची बेटं कोरलेलं. सूयुनच्या आईने जन्मभर त्यात जेवणाच्या काड्या ठेवल्या; धुतल्यावर पाणी निथळावं म्हणून बुडाला भोकं. आई गेल्यावर सूयुनने माहेराहून एवढीच वस्तू आणली. ते चुलीशेजारी असलं की आई मागे उभी राहून मीठ कमी पडल्याचं सांगतेय असं तिला वाटे.

तिचा नवरा बाओ वेइथिंग निवृत्त झाला आणि लगेच विद्वान झाला. लिहिताना मनगट टेकवायची कोरीव पट्टी त्याने घेतली, शाईच्या दगडाला शिसवी पेटी घेतली. लिहायचा कुंचला मात्र कधी ओला केला नाही. वापरला तर झिजतो म्हणे. एका सकाळी त्याने काड्या लोणच्याच्या बरणीत ओतल्या आणि काडीदान ‘चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या मिंग काळातलं कुंचलेदान’ म्हणून मंडळात नेलं.

मंडळींनी भिंगं लावली. अंगावरची चकाकी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या पंडितांच्या बोटांचं तेज, असं ठरलं. ती आईच्या हातची डुकराची चरबी होती. आत वाळलेलं शीत सापडलं, तेव्हा ‘कागद डकवायची जुनी खळ’ म्हणून दोघांचे डोळे पाणावले. शाओंनी आत नाक घातलं आणि चंदन असल्याचं जाहीर केलं. मग त्यांना भूक लागली. या दोन गोष्टींचा संबंध जोडायला अक्कल लागते.

तेवढ्यात सूयुन आली.

“म्हाताऱ्या, माझ्या आईचं काडीदान दे. पेजसुद्धा आंबट लागतेय.”

“अगं, चारचौघांत काडीदान म्हणू नकोस,” बाओ कुजबुजला. “मला उपाध्यक्ष करतायत.”

तिने बुडाची भोकं दाखवली. शाओ कनवाळूपणे हसले. जुनं लाकूड आतून पोकळ निघायचं, मग बुडाला बुचं मारत, ती गळाली असणार, असं त्यांनी समजावलं.

“वहिनी, मिंग काळात तुमच्या मातोश्री होत्या का?”

सूयुनने त्यांच्यासमोरची गार चहाची किटली उचलली आणि काडीदानात रिकामी केली. काडीदान शाओंच्या मांडीवर होतं.

शाओ जागचे हलले नाहीत.

“कुंचले निथळायची सोय,” ते म्हणाले. “असं दुसरं नाही.”

टाळ्या पडल्या. बाओ उपाध्यक्ष झाला, काडीदान काचेच्या कपाटात गेलं आणि किल्ली शाओंच्या खिशात, जो ओला नव्हताच.

रात्री बाओने जेवायला काड्या मागितल्या.

“कुंचल्याने खा,” सूयुन म्हणाली, आणि त्याचाच कोरा कुंचला पहिल्यांदा शाईत बुडवून अर्ज लिहायला बसली:

‘मा. अध्यक्ष यांस सविनय विनंती, की कपाटातील मिंगकालीन कुंचलेदानास रोज जेवणाच्या वेळेपुरते माहेरपणास सोडण्यात यावे. काड्या निथळताच ते चरबीसह परत करण्यात येईल. गळालेल्या बुचांऐवजी मुळ्याचे तुकडे सोबत जोडले आहेत. ते सुकण्यापूर्वी निर्णय व्हावा.’