मुरमाच्या उतारावरचं बी

चौक गावाच्या अलीकडे, हमरस्त्यापासून जरा आत, एक उतार बोडका पडला होता. रस्ता रुंद करताना त्यातला मुरूम इतका काढला होता की कातळाच्या फासळ्या वर आल्या होत्या. चौऱ्याहत्तर साली तो उतार सरकारनं पाच बौद्ध कुटुंबांना गवतासाठी दिला. अट एकच घातली. दोन पावसाळ्यांत त्यावर गवत धरलं पाहिजे आणि माती थांबली पाहिजे, नाहीतर जमीन परत.

पहिला पावसाळा वाया गेला. त्या पाचांतल्या एका घरच्या चंद्रभागेचा धाकटा दीर पांडू गवताच्या वखारीत गेला आणि तिथली जमीन झाडून निघालेला केर दोन गोणी भरून घेऊन आला. "ह्यात सगळं बी हाय, वयनी. फेकायचं नि मोकळं व्हायचं," तो म्हणाला. फेकलं. उगवला तो नुसता टाकळा. गुरं त्याला तोंड लावीनात. श्रावणात एका पावसात मुरूम सुटला तो थेट उताराखाली शेती करणाऱ्या पोशाच्या भातात जाऊन बसला. लावलेलं भात खडीखाली गेलं.

पोशा वर आला तेव्हा त्याच्या पोटऱ्यांपर्यंत चिखल होता. त्यानं पांडूकडे बघितलंसुद्धा नाही.

"चंद्रभागे, पुढच्या साली माज्या खाचरात एक दगड आला, तर मी कचेरीत जानार. सांगनार, ह्या लोकांच्यानं जमीन राखवत नाय."

'ह्या लोकांच्यानं' हे दोन शब्द चंद्रभागेच्या मनात रुतून बसले. वीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या वरकस माळांवर गवत कापलं होतं. नवरा गेल्यावर तर विळा हीच तिची कमाई होती. कुठल्या काडीला गुरं आधी तोंड लावतात आणि कुठली काडी मातीला धरून राहते, हे तिच्या हातांना डोळ्यांपेक्षा जास्त कळायचं. तरी केर फेकताना ती गप्प बसली होती, कारण पांडू शिकलेला, सातवी झालेला.

आता ती गप्प बसली नाही. त्याच पावसाळ्याच्या शेवटी टोपली घेऊन पळसदरीच्या बाजूचे बांध नि टेकड्या तिनं पालथ्या घातल्या. तेरड्याच्या बोंडांना बोट लागलं की फटकन फुटून बी उडतं, म्हणून आधी त्यांवर फडकं टाकायची आणि मग चिमटीत धरायची. कवळा या रानभाजीच्या शेंगा वाळल्या की चोळून घ्यायची. पवना नि मारवेल या गवतांची कणसं कार्तिकात पिकली की मुठीनं ओरबाडायची. टाकळ्याचा एक दाणाही तिनं आत येऊ दिला नाही.

"फुलं कशापायी?" पांडूनं विचारलं. "आपल्याला वैरन पायजे."

"पवना नि मारवेल हळू येतात रं. पैले दोन म्हयने नुसती मुळं सोडतात. तवर मातीला धरायला कोन हाय? तेरडा झटकन येतो. कवळ्यानं जमिनीला जोर येतो. गवताला बूड धरू दे, मग तेरड्याची गरज नाय."

पांडूला ते पटलं नाही.

पुढच्या साली ज्येष्ठ सरता सरता तिनं सगळं बी राखेत नि बारीक मातीत कालवलं, कारण गवताचं कुसळदार बी एकमेकाला धरून बसतं, नुसतं फेकलं तर एकाच ठिकाणी पडतं. बायकांनी उताराला आडव्या रांगा धरून ते पेरलं. मग शेजारच्या वाडीतून मागून आणलेल्या शेळ्या तिनं त्यावरून दोनदा फिरवल्या. त्यांच्या खुरांनी बी मुरमात दाबलं गेलं.

श्रावणात उतार गुलाबी झाला. हमरस्त्यावरून जाणारे ट्रकवाले मान वळवून बघायचे. पाचही घरांतली माणसं हरखली. एक चंद्रभागा तेवढी रोज सकाळी तेरडा बाजूला सारून खाली बघायची. पवना उगवला होता, बोटाएवढा. पण तेरडा कमरेला लागला होता आणि त्याच्या सावलीत ती पाती पिवळी पडायला लागली होती.

त्यातच निरोप आला. तालुक्याचे सबनीस साहेब आठ दिवसांनी पाहणीला येणार.

"तेरडा कापाया लागंल," चंद्रभागा म्हणाली.

पांडू ताडकन उभा राहिला. "डोकं फिरलं काय वयनी? सायेब येतोय! हिरवं बघंल, फुलं बघंल, सही करून जाईल. मग काप की."

"आठ दिवसांत खालचं गवत मरंल. आश्विनात तेरडा वाळला की उतार पयल्यासारखा बोडका. सही घेऊन काय करायचं?"

"आन कापल्यावर पाऊस आला तर?"

आभाळ भरून होतं. कापावं तर उतार उघडा, न कापावं तर गवत जातं. रात्रभर तिनं कूस बदलली. उजाडल्यावर विळा घेऊन ती वर गेली आणि मागोमाग बाकीच्या बायका गेल्या.

"वीतभर बुडखं ठेवायचं," तिनं बजावलं. "एकबी झाड उपटायचं नाय. मुळं मातीत ऱ्हायली पायजेत. कापलेलं तिथंच आडवं टाका."

पांडू रागातच आला. पोशाच्या खाचराच्या डोक्यावरचा कोपरा त्यानं एकट्यानं घेतला. दुपारपर्यंत सगळा उतार भुंडा झाला. फुलं चिखलात पडली होती. चंद्रभागेला स्वतःच्याच हातांची भीती वाटली.

तिसऱ्या प्रहरी पाऊस आला. समोरचा माणूस दिसेना. ती इरलं डोक्यावर घेऊन उताराच्या मध्यावर उभी राहिली. पायांखालून पाणी धावत होतं. तिनं वाकून ओंजळीत पाणी धरलं. गढूळ होतं, पण मुरमासारखं लाल नव्हतं. आडव्या टाकलेल्या तेरड्याला पाणी अडत होतं, बुडख्यांमधून वाट काढत हळू उतरत होतं. थांबलंय, तिला वाटलं. थांबलंय.

तेवढ्यात खालून पोशाची हाक आली. हाक कसली, आरोळीच.

ती घसरत खाली पोचली. खाचराच्या डोक्यावरचा कोपरा फुटला होता. तिथून लाल पाण्याचा लोंढा खडीसकट खाचरात शिरत होता. बाकी सगळा उतार जागेवर होता. फक्त तो एक कोपरा. चंद्रभागा तिथं चढली, मातीत हात घातला. बुडखं एकही नव्हतं.

"पांडू, उपटलास?"

"विळ्यानं येळ लागत व्हता," तो म्हणाला. "मला वाटलं, गवताला जागा हुईल."

तिनं इरलं फेकलं आणि वरून कापलेल्या तेरड्याचे भारे ओढत आणायला सुरुवात केली. पांडू भानावर आला आणि दगड लावायला धावला. पोशाही फावडं घेऊन लोंढ्यात उतरला. तिघांनी भारे नि दगड रचून तोंड बांधलं तेव्हा अंधार पडत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून चंद्रभागा आणि पांडू खाचरात वाकून भाताच्या रोपांमधून खडी वेचत होते. पोशानं त्यांना थांबवलं नाही आणि 'या, बसा' असंही म्हटलं नाही.

सबनीस साहेब आले तेव्हा उतारावर एकही फूल उरलं नव्हतं. मधून मधून काळपट देठ आणि खाली तो फुटका कोपरा.

"इथं तर फुलबाग होती म्हणे," साहेब म्हणाले. "हे काय केलंत?"

चंद्रभागा खाली बसली. देठ बाजूला केले. "बगा सायेब. हा पवना. ही मारवेल. उजेड मिळाला म्हनून आता उठतंय. तेरड्याचं काम झालं, म्हनून कापला."

साहेबांनी बसून पात्याला हात लावला. चार-पाच ठिकाणी देठ स्वतः बाजूला करून बघितले. मग कागद काढला. "शेजाऱ्यांची काही तक्रार?"

पोशा तिथंच उभा होता. चंद्रभागेनं त्याच्याकडे बघितलं नाही. पायाच्या अंगठ्यानं ती माती उकरत राहिली.

"हाय की," पोशा म्हणाला. "माज्या भाताचं वाटोळं झालंय." त्यानं फुटक्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "पन त्या कोपऱ्यावरनं. बाकी उतारावरनं एक खडा आला नाय. मी सोता पावसात हुबा व्हतो. तसंच लिवा."

साहेबांनी तसंच लिहिलं. जमीन ठेवायची आणि कोपरा पुढच्या पावसाआधी बांधायचा, असा शेरा पडला.

आश्विनात वखारीचा माणूस आला. पवना कंबरेएवढा झाला होता. ओलं गवत आत्ताच कापा, वजन चांगलं भरेल, तो म्हणाला. चार घरं तयार झाली. चंद्रभागा उताराच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

"बी पडल्याबिगर विळा लागनार नाय."

"अगं, पन तवर ते वाळंल," एक बाई म्हणाली.

"वाळू दे. आपन काय एका सालासाठी पेरलं?"

सगळ्यांनी पांडूकडे बघितलं. शिकलेला तो. पांडूनं विळा कमरेला खोचला.

"वयनी म्हनंल तवाच," तो म्हणाला आणि वखारवाल्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेला.