भाकर संपेपर्यंतची ओल

मी एक जुनं झुडूप आहे. किती जुनं ते सांगता येत नाही, मित्रांनो, आणि किती मोठं तेही नाही. माझं मूळ जमिनीखालून सरकत जातं आणि वाटेल तिथं डोकं वर काढतं. पाहणाऱ्याला शेकडो झुडपं दिसतात. ती सगळी मीच. त्यामुळे आमच्याकडे गर्दी खूप, पण गप्पा मारायला कोणी नाही.

मला गॉलबेरी म्हणतात. पानं जाड, बारमाही हिरवी. फळं काळी आणि इतकी कडू, की अस्वलसुद्धा तोंड वाकडं करून खातं. अल्बेमार्ल खाडीच्या अलीकडे झुडपांची दलदल आहे, पोकोसिन, तिथं मी राहतं. आमच्या पायाखाली माती नाही. हजारो वर्षं कुजायचं टाळत आलेली पानं आहेत, एकावर एक, माणूसभर खोल. ओली असतात तोवर ती जमीन असते. वाळली की सरपण.

माझे चांगले दिवस काठावरच्या घरातल्या व्हर्लीच्या वडिलांमुळे आले. दलदलीच्या काठाला उंच खांबांवर, अस्वलांचे हात पोचू नयेत अशा बेतानं, त्यांनी मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या. मे महिन्यात मला बारीक पांढरी फुलं येत आणि पेट्या जड होत. माझा मध साखरत नाही. लोक मधाचं कौतुक करत, माश्यांचं करत, व्हर्लीच्या वडिलांचं तर फारच करत. माझं नाव बरणीवर असायचं.

मधूनमधून एखाद्या हिवाळ्यात ते मला जाळत. घाबरू नका, मित्रांनो. वरचं जून लाकूड जळतं, खालून कोवळे फुटवे येतात, फुलं वाढतात. न्हाव्याकडे जाण्यासारखंच आहे, फक्त डोकंही जातं.

मात्र त्याआधी ते दलदलीचं पाणी वाहून नेणाऱ्या चरात फळ्या घालून ते अडवत. मग एक खड्डा खणत आणि त्याच्या काठाशी बसून मक्याची एक भाकर खात. भाकर संपायच्या आत खड्ड्यात पाणी चढलं तर काडी ओढायची. नाही चढलं तर घरी जायचं. भाकर नेहमी त्याच तव्यावरची आणि खाणारा तोच, म्हणून माप कधी चुकलं नाही.

वडील गेले. पेट्या व्हर्लीकडे आल्या, चराकडची जमीन तिचा धाकटा भाऊ हार्मन याच्याकडे. त्याला मका लावायचा होता. त्यानं फळ्या काढल्या. पाणी निघून गेलं. त्या वर्षी मला थोडी तहान लागली, पण झुडपाला विचारतं कोण.

हिवाळ्यात मला जाळायची वेळ आली. व्हर्लीचे गुडघे धरले होते, म्हणून तिनं हार्मनला भाकर बांधून दिली. तो गेला, बसला, खाल्ली.

"पाणी आलं, ताई," त्यानं येऊन सांगितलं. "काठोकाठ."

त्यांनी काडी ओढली.

वरची आग संध्याकाळी विझली. खालची विझली नाही. ती पानांच्या थरांत उतरली आणि तिथंच राहायला आली. वसंत गेला, उन्हाळा गेला. ज्वाळा नाहीत, नुसता धूर. मुळांखालची जमीन राख होऊन खचली आणि माझी मुळं हवेत लोंबत राहिली. मला काय वाटलं असं विचाराल. काही नाही. माझा बराचसा भाग संपला आणि उरलेल्याला ते कळलंसुद्धा नाही.

व्हर्ली काठी टेकत काठावर आली. हार्मन मागे उभा होता.

"फळ्या घातल्या नव्हत्यास."

"नाही. पण खड्डा भरला होता, ताई. तुझी शपथ."

"भाकर संपेपर्यंत?"

"संपेपर्यंत."

व्हर्लीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "तेव्हा दात कुठले होते?"

हार्मननं जबडा चाचपला. "नव्या कवळीचे," तो म्हणाला. "तेव्हा टोचायचे."

"मग भाकर खाल्लीस की चोखलीस?"

"दोन्ही. दुपार गेली त्यात."

एवढ्या वेळात वाळवंटातल्या खड्ड्यातही पाणी आलं असतं.

"पोरीनं शहरात माझ्यासाठी खोली रिकामी केलीय," व्हर्ली म्हणाली. "येत्या मे महिन्यात फूल दिसलं नाही, तर पेट्या विकते नि जाते."

त्याच दिवशी हार्मननं चरात फळ्या बसवल्या. शरद ऋतूत वादळाचा पाऊस आला, आग विझली आणि हार्मनच्या शेतात बदकं पोहू लागली. तो त्यांना हाकलायला गेला नाही.

हिवाळ्यात ओल मोजायला दोघं परत आली. हार्मननं खड्डा खणला. व्हर्लीनं भाकर त्याला न देता कर्नलपुढे टाकली. कर्नल हा त्यांचा कुत्रा. त्यानं ती एका घासात संपवली. खड्ड्यात नुकतं पाझरायला लागलं होतं.

"या मापानं जगात कधीच काही पेटायचं नाही, ताई."

"तेच बघतेय मी," व्हर्ली म्हणाली.

मे उजाडला. चराच्या ओल्या कडेला माझ्या मुळाचा एक तुकडा उरला होता. त्याला फुटवे आले होते. व्हर्लीनं विकायला न्यायची एक पेटी हार्मनकडून दोरीनं बांधून घेतली होती. सकाळी तिच्या शेजारच्या पेटीतली एक माशी माझ्या फुटव्यावर येऊन बसली. मला अजून नीट काही वाटत नव्हतं. तरी मी फूल पुढे केलं. सवय होती.

व्हर्ली बराच वेळ बघत राहिली. मग खाली बसून तिनं दोरीची गाठ सोडायला घेतली. गाठ हार्मननं मारली होती, म्हणून तिला वेळ लागला.

मित्रांनो, तुमच्या पायाखाली काय आहे ते एकदा बघा. ते ओलं ठेवा. आणि ओल मोजणाऱ्याचे दात अधूनमधून तपासत चला.